तारखेला जायची गरज नाही

कॉलेजात त्यांना सगळे ‘कलमसर’ म्हणत. हे नाव आपल्याला पडलंय हे सरांना ठाऊक होतं आणि मनातून ते त्यांना आवडतही असे. एकोणतीस वर्षं ते दिवाणी कोर्टाच्या कामकाजाचा कायदा शिकवत होते. दावा कसा दाखल होतो, समन्स कसं बजावतात, हजर न राहिल्यास काय होतं, हे सगळं पुस्तक न उघडता. फळ्यावर नुसता कलमाचा आकडा लिहायचा आणि पुढचा तासभर तोंडपाठ. घरी त्यांची बायको म्हणायची, “यांना भाजी आणायला सांगितली तर आधी व्याख्या येते, मग अपवाद येतात, भाजी काही येत नाही.”

कोर्टात मात्र ते उभ्या आयुष्यात दोनदाच गेले होते. एकदा नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आणि एकदा एका जुन्या विद्यार्थ्याच्या शपथविधीला. दोन्ही वेळा त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची राखून ठेवलेली होती.

एका दुपारी त्यांची धाकटी बहीण घरी आली. ती शाळांचे गणवेश शिवायची. बाह्यांना निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले तसेच होते. म्हणजे मशीनवरून उठून थेट आली होती. तिनं पिशवीतून घडी केलेला कागद काढला.

“दादा, हे काय आहे बघ रे. कोर्टाच्या माणसानं आणून दिलं. सहीही घेतली माझी.”

सरांनी चष्मा चढवला. बहिणीच्या जावयानं आपल्या मुलीचा ताबा मागितला होता.

ती मुलगी म्हणजे बहिणीची नात. एका जागी दोन मिनिटं बसायची नाही, म्हणून तिला सगळे खारू म्हणत. ती दोन वर्षांची असताना तिची आई आजारात गेली. जावई तेव्हा पार खचला होता. “थोडे दिवस सांभाळा,” म्हणून त्यानं लेकीला सासूकडे ठेवलं आणि दुसऱ्या शहरात नोकरी धरली. थोड्या दिवसांची चार वर्षं झाली. माणूस वाईट नव्हता. वर्षातून दोनदा यायचा, खारूच्या वयाला लहान पडतील अशी खेळणी आणायचा, आणि निघताना दारात उगाच रेंगाळायचा. गेल्या वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं होतं. आता घर झालं, बायको झाली, तर लेक हवी होती.

“नेतील का रे तिला?” बहिणीनं विचारलं.

“कोण नेतोय? कायदा तुझ्या बाजूनं आहे. मुलाचं हित कशात, एवढंच कोर्ट बघतं. बापाचा हक्क वगैरे नंतर.”

“शेजारीण म्हणत होती, एखादा वकील बघ.”

“वकील कशाला? अगं, वकिलांना शिकवतो मी.”

ती हसली. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं सरांना स्पष्ट दिसलं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

पुढचे चार दिवस कॉलेजातून आल्यावर सर टेबलाला चिकटून बसायचे. जुने निवाडे काढले, दाखले शोधले, वाक्यं घासूनपुसून लिहिली. चौदा पानांचं उत्तर तयार झालं. त्यातलं एक वाक्य त्यांनी बायकोला मुद्दाम वाचून दाखवलं: ‘मूल जिथे रुजलं आहे तिथून ते उपटणं, हे कोणाही मोठ्या माणसाच्या हक्कभंगाहून मोठं नुकसान आहे.’ बायको म्हणाली, “छान आहे. रडू येईल जजला.” इतक्या वर्षांत आपल्या विद्येचा घरच्या माणसाला उपयोग होतोय, या आनंदात ते होते. त्या चार दिवसांतला हाच आनंद पुढे त्यांना सगळ्यांत जास्त टोचला.

बहिणीनं शेवटच्या पानावर सही केली. मग समन्सवर बोट ठेवून म्हणाली, “इथे सतरा तारीख लिहिलीय. सकाळी साडेदहा. जाऊ ना मी?”

“तारखेला जायची गरज नाही. लेखी उत्तर दिलं की झालं. पुढे पुराव्याच्या वेळी बोलावतील, तेव्हा बघू. उगाच कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढतेस?”

“नक्की ना?”

“नक्की.”

त्यांनी पाकीट रजिस्टर पोस्टानं कोर्टाला पाठवलं आणि पावती जपून फाइलला लावली.

दीड महिन्यानं, सकाळी पावणेआठला, बहिणीच्या दारात जावई उभा राहिला. बरोबर कोर्टाचा बेलिफ आणि एक पोलीसबाई. खारूचा शाळेचा एकच मोजा पायात चढला होता. बेलिफनं आदेश वाचून दाखवला. बहिणीला त्यातला ‘एकतर्फी’ हा शब्द समजला नाही, पण बाकीचं समजलं. ती म्हणाली, “तिचं दूध प्यायचं राहिलंय.” बेलिफ भला माणूस होता. तो खुर्चीत बसला आणि मुलगी दूध पिऊन होईपर्यंत घड्याळाकडे न बघता थांबला. बहिणीनं कपाटातून कपडे काढून पिशवी भरली. शाळेचा गणवेश आधी भरला, मग तिथे वेगळा असेल म्हणून काढला, मग पुन्हा भरला. जावई पूर्ण वेळ खाली मान घालून उभा होता.

खारूला वाटलं, बाबांबरोबर फिरायला जायचंय. जिन्यात थांबून तिनं विचारलं, “आजी, तू?”

“तू हो पुढे. मी आलेच मागनं.”

हे खोटं आपल्या तोंडून कसं निघालं, हे तिला पुढे कधी उमगलं नाही.

तिनं सरांना फोन केला तेव्हा ते तास घेत होते. मधल्या सुट्टीत त्यांनी फोन लावला. “दादा, नेली रे,” एवढंच ती म्हणाली.

“असं कसं नेतील? आपण उत्तर दिलंय,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कोर्टात गेले. या वेळी कुणी खुर्ची राखलेली नव्हती. खाली चौकशीच्या खिडकीवर त्यांना दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, दुसऱ्या मजल्यावरून पुन्हा खाली. जिन्यात माणसं भिंतीला टेकून बसली होती. कुणाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, कुणाच्या मांडीवर झोपलेलं मूल, आणि प्रत्येकाच्या हातात एक कागद, उलटसुलट करून बघितल्यानं मऊ पडलेला. तासाभरानं ते खिडकी नंबर चारपाशी पोचले. आत पन्नाशीच्या एक कारकूनबाई होत्या. दोरीनं बांधलेला चष्मा त्यांच्या गळ्यात लोंबत होता.

“तुम्ही कोण त्यांचे?” बाईंनी विचारलं.

“भाऊ.” आपण काय करतो हे सांगायला त्यांची जीभ उचलली नाही.

बाईंनी मागच्या फडताळातून एक गठ्ठा काढला. वर चिठ्ठी होती: ‘इतर टपाल’. त्यात सरांचं पाकीट सापडलं. चौदा पानांवर आवक शिक्का होता आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘प्रतिज्ञापत्र नाही, प्रत नाही, पक्षकार गैरहजर.’

बाईंनी दोन पानं चाळली. “भाषा फार चांगली आहे हो. कुणी लिहून दिलं?”

सर पेन्सिलीनं लिहिलेले शब्द पुन्हा वाचत होते.

“पण हे साहेबांसमोर गेलंच नाही. पोस्टानं आलेलं असं जात नाही. याच्यासोबत शपथेचा कागद लागतो, समोरच्याला प्रत द्यावी लागते. ते जाऊ दे, तेही नंतर करता आलं असतं. पण बाई स्वतः यायला पाहिजे होत्या. पहिल्या तारखेला नुसतं उभं राहून ‘मला वेळ हवाय’ म्हटलं, तरी साहेब महिना देतात. शिपाई दारात येऊन तीनदा नाव पुकारतो. ‘हो, आहे’ म्हणायला कुणीतरी लागतं.”

सरांना ते कलम पाठ होतं. ‘हजर न राहिल्यास’ हे शब्द त्यांनी आयुष्यात किती वेळा उच्चारले होते, याचा हिशेब लागला नसता. त्यावर ते परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न काढत. पण हजर राहणं म्हणजे एक दार असतं, त्या दारात एक शिपाई येतो, आणि आपलं नाव ऐकून कुणीतरी पुढे व्हायचं असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. लेखी उत्तर म्हणजेच हजेरी, असं ते स्वतःच्या मनानं धरून चालले होते.

बाहेरच्या बोळात त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला. शिकताना त्याला सुवर्णपदक मिळालं होतं, तेव्हापासून सगळे त्याला मेडल म्हणत. आता त्याचे केस पिकायला लागले होते आणि कोर्टात त्याचं नाव होतं.

“सर, तुम्ही इकडे?” मेडलनं त्यांचा हात धरून बाकावर बसवलं.

सरांनी सगळं सांगितलं. मेडल बराच वेळ आपल्या काळ्या कोटाचं बटण फिरवत राहिला.

“सर, राग मानू नका. खिडकीतल्या बाईंनी तुम्हाला आत्ता जे सांगितलं, ते शिकायला मला तीन वर्षं लागली. कॉलेजातून मी पदक घेऊन आलो आणि पहिल्याच केसमध्ये असंच केलं. एका म्हातारीचं घर गेलं. माझ्या पहिल्या चार-पाच अशिलांनी मला शिकवलं, सर. त्यांचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.”

“तू मला कधी बोलला नाहीस.”

“तुम्हाला काय बोलणार? तुमच्यामुळेच तर पदक मिळालं होतं.”

आदेश रद्द करून घेण्याचा अर्ज मेडलनं त्याच आठवड्यात दाखल केला.

सर बहिणीकडे गेले. ती मशीनवर होती. त्यांनी कोट काढला नाही, पाणी घेतलं नाही. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “त्या दिवशी तू जायला हवं होतंस. मला माहीत नव्हतं.”

तिनं शिवण टोकापर्यंत नेली, दोरा तोडला. मग म्हणाली, “तू काय मुद्दाम केलंस थोडंच.”

थोड्या वेळानं ती पुन्हा बोलली. आवाज चढला नव्हता. “पण दादा, मी जाणार होते रे. त्या दिवसाचं काम मी आधीच उरकून ठेवलं होतं. तू नको म्हणालास, म्हणून सकाळपासून नुसती बसून होते. साडेदहाला घड्याळ बघितलं मी. म्हटलं, आता तिकडे चाललं असेल.”

सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढे केला आणि ठेववेना, म्हणून मागे घेतला.

त्यानंतर दर मंगळवारी त्यांचे तास नसत तेव्हा ते कोर्टात जाऊन बसू लागले. बहिणीच्या अर्जाची तारीख असो वा नसो. जिन्यात बसलेल्या माणसांचे कागद ते वाचून द्यायचे. बहुतेक कागदांत अवघड असं काही नसायचं. कुठल्या खोलीत, किती वाजता, बरोबर काय आणायचं, एवढंच कुणी सांगितलेलं नसायचं. एक रखवालदार तीन तारखा चुकीच्या मजल्यावर बसून घरी गेला होता. त्याचं कोर्ट वर हलवलं होतं आणि फलक खालच्या दारावरच राहिला होता. खिडकीतल्या बाई सरांना आता ओळखायला लागल्या होत्या. ते शिक्षक आहेत हे कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “मग पोरांना घेऊन या की. आमच्याकडे येतातच ती शिकायला, फक्त उशिरा येतात.”

सरांनी दोन पानांचा प्रस्ताव लिहिला. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्यानं आठवड्यातला एक दिवस कोर्टातल्या मदतीच्या टेबलावर बसायचं. लोकांचे कागद वाचायचे, अर्ज लिहायला शिकायचं, तारखेला माणसाबरोबर उभं राहायचं. वर एक अनुभवी वकील देखरेखीला. आणि पास-नापास ठरवताना हे काम लेखी पेपराइतकंच धरायचं.

अभ्यासक्रम समितीची बैठक लांबलचक टेबलाभोवती झाली. प्राचार्यांनी प्रस्ताव वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“सर, तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. आपण कायदा शिकवतो. ही तर कारकुनी झाली.”

“कारकुनी येत नाही म्हणून माणसं हरतात,” सर म्हणाले.

“ते वकिली करता करता येतंच,” एक निवृत्त न्यायाधीश म्हणाले. “आम्हीही तसेच शिकलो.”

“कुणाच्या जिवावर शिकलो, ते विचारा.”

मग सरांनी बहिणीची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, पण ‘माझी बहीण’ म्हणाले, आणि ‘मी तिला जाऊ नको म्हणालो’ हेही म्हणाले. एकोणतीस वर्षं जे कलम शिकवलं त्याच कलमानं तिची नात गेली, हे सांगताना ते मध्येच थांबून पाणी प्यायले.

शेवटी प्राचार्य हळू आवाजात म्हणाले, “वाईट झालं. पण वैयक्तिक अनुभवावरून अभ्यासक्रम बदलता येत नाही. उपसमितीकडे पाठवू.” इतिवृत्तात ‘प्रस्तावावर सविस्तर चर्चा झाली’ एवढीच ओळ आली.

उपसमितीची वाट न बघता सर वर्गात गेले आणि मंगळवारी कोण येतं, असं विचारलं. नव्वद पोरांतून सात जणांनी हात वर केले. त्यातली एक मुलगी, जिला वर्गात प्रश्नचिन्ह म्हणत कारण ती प्रत्येक तासाला काहीतरी विचारून सरांची लय बिघडवायची, ती पहिल्या मंगळवारी सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती. खिडकीतल्या बाईंनी जुन्या फायलींची एक खोली उघडून दिली. एक टेबल, तीन खुर्च्या. मेडल दुपारच्या सुट्टीत येऊन अर्ज तपासायचा. एका बाईचा अर्ज प्रश्नचिन्हनं तिसऱ्यांदा फाडून लिहिला तेव्हा ती सरांना म्हणाली, “सर, हे आम्हाला पहिल्या वर्षीच का नाही सांगितलं?”

“मला येत नव्हतं,” सर म्हणाले.

त्या दिवशी तिनं पुढचा प्रश्न विचारला नाही.

एकतर्फी आदेश रद्द व्हायला आठ महिने लागले. मूळ दाव्याची सुनावणी नव्यानं झाली, त्यात आणखी पाच महिने गेले. या वेळी शिपायानं नाव पुकारलं तेव्हा बहीण दारातच उभी होती. सगळे कागद होते, शपथ होती, प्रती होत्या. चौदा पानांतली चार मेडलनं ठेवली होती.

न्यायाधीशबाईंनी खारूला आपल्या खोलीत नेऊन वीस मिनिटं गप्पा मारल्या. खारू आता साडेसात वर्षांची होती. उंच झाली होती, आणि दोन तास बाकावर न हलता बसली होती. ते बघून बहिणीनं सरांचा हात घट्ट धरला. नव्या शाळेत तिला मैत्रिणी होत्या. घरात चार महिन्यांचा भाऊ होता. बापाच्या बायकोला ती आई म्हणत होती, आणि ती बाईही तिचे केस विंचरून, डबा घेऊन कोर्टात आली होती. आजीला बघून खारू धावत आली, बिलगली, आणि थोड्या वेळानं आपण होऊन परत त्या बाकावर जाऊन बसली.

निकालात न्यायाधीशबाईंनी आजीचं खूप चांगलं लिहिलं होतं. आधीचा आदेश घाईनं झाला, असंही म्हटलं होतं. पण गेल्या वर्षभरात मूल नव्या घरी रुजलं आहे आणि आता तिथून ते उपटणं त्याच्या हिताचं नाही. महिन्यातले दोन शनिवार आजीला. सर ते वाक्य ऐकताना जागच्या जागी बसून राहिले. शब्द जवळपास त्यांचेच होते, आणि कायद्याच्या नजरेनं त्यात तसूभर चूक नव्हती.

बाहेर आल्यावर बहिणीनं मेडलला विचारलं, “त्या पहिल्या तारखेला मी आले असते तर?”

मेडलनं सरांकडे बघितलं.

“तर बहुतेक ती तुझ्याकडेच राहिली असती,” सर म्हणाले.

तिनं मान हलवली. “बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं, मीच कुठे कमी पडले.”

त्यानंतर सात-आठ महिने ती सरांच्या घरी आली नाही. भांडण नव्हतं. सरांची बायको जाऊन यायची, फोन व्हायचे. पण ती यायची टाळत होती, आणि सरांनीही तिला कधी ये म्हटलं नाही.

प्रस्ताव मंजूर झाला तो आणखी एका वर्षानं. अर्धाच झाला. आठवड्याचा दिवस पंधरवड्याचा झाला, मार्क निम्मे झाले, आणि उद्घाटनाला प्राचार्यांनी ही कल्पना संस्थेची असल्याचं सांगितलं. तोवर टेबलावर बसणारी पोरं सातांची चाळीस झाली होती. प्रश्नचिन्ह आता पास होऊन तिथेच मेडलच्या हाताखाली देखरेखीला होती.

त्या संध्याकाळी सर बहिणीकडे गेले. ती खारूसाठी फ्रॉक शिवत होती. त्यांनी बातमी सांगितली.

“चांगलं केलंस दादा,” ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. “पुढच्यांना उपयोग होईल.”

तिनं फ्रॉक उचलून उजेडाला धरला, मग आपल्या छातीशी लावून बघितला.

“गेल्या खेपेला आखूड झाला होता. बोलली नाही ती, पण ओढून ओढून खाली करत होती. पंधरा दिवसांत किती वाढते, काही अंदाज येत नाही बघ.” तिनं फ्रॉकची खालची दुमड उसवायला घेतली. “तू सांग, दोन बोटं सोडू की तीन?”

सरांना ते सांगता येणार नव्हतं. तरी ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि कापडाचं दुसरं टोक धरलं.